वर्गात गप्प बसते म्हणून परत येऊ का?

पत्र थोडक्यात: खानदेशातल्या, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातल्या एका गावातली ही १९ वर्षांची मुलगी. घरी कोरडवाहू शेती. कापूस आणि थोडा मका. बारावी सायन्सला मार्क चांगले होते, घरच्यांच्या मनात नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग होतं. ज्युनियर कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमनी सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला लावला आणि दिल्लीतल्या एका लहान सरकारी विद्यापीठात बी.ए.ला नंबर लागला. फी झेपणारी आहे, होस्टेलही मिळालं. आता पहिलं वर्ष संपतंय. वर्गात तीसेक मुलं, बहुतेक शहरातली, सफाईदार इंग्रजी बोलणारी. ही वर्षभर जवळजवळ बोललीच नाही. कॅम्पस एवढासा, मेसमध्ये, लायब्ररीत, गेटवर तीच ती माणसं, आणि त्या सगळ्यांनी तिला ‘गप्प राहणारी’ ठरवून टाकलंय. एका सरांनी तिच्या निबंधाखाली ‘येऊन भेट’ असं लिहिलं होतं; ती गेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणालाही घरी येता आलं नाही. गावात जो तो विचारतो, ‘काय शिकी ऱ्हायनी बेटा?’ आणि आप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, उत्तर देता येत नाही. काका म्हणतात, बी.ए.च करायचं तर जळगावला कर, सोबत एमपीएससीचा क्लास लाव. तिचा प्रश्न असा: ‘मी इथली नाहीच असं वाटतं. टीसी काढून परत येऊ का? आणि इथे राहिले तर हाती काय लागेल?’

प्रिय बेटा,

सरांनी ‘येऊन भेट’ लिहिलं आणि तू गेली नाहीस, हे वाक्य तू जाता जाता लिहून पुढे गेलीस. मला मात्र तुझ्या पत्रातलं तेच सगळ्यात मोठं वाटलं, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

आपल्याकडे शाळेत ‘स्टाफरूममध्ये ये’ म्हटलं की पोटात गोळा येतो. काहीतरी चुकलंय, आता बोलणी बसणार. ती सवय तू सोबत घेऊन गेलीस आणि त्या दोन शब्दांचा अर्थ तसाच लावलास. पण जरा बघ, त्यांनी तुझा निबंध शेवटपर्यंत वाचला. वाचल्यावर त्यांना तुझ्याशी बोलावंसं वाटलं. आपल्याकडच्या मोठ्या कॉलेजांत एकेका वर्गात शंभराच्या वर नावं असतात, त्यातल्या कितीकांचं लिखाण कुणी असं वाचतं? शिक्षकांची इच्छा नसते असं नाही. त्यांच्यापुढे गठ्ठे असतात, अर्धी पदं रिकामी असतात, तासिका तत्त्वावर काम करणारा प्राध्यापक दोन कॉलेजांत पळत असतो. लहान सरकारी विद्यापीठाचं सगळं मोल याच एका गोष्टीत आहे की तिथे तुला ओळखणारा, तुझं वाचणारा शिक्षक असू शकतो. इमारत साधी असेल, नाव गावात कुणी ऐकलेलं नसेल, प्लेसमेंटचं ऑफिस म्हणजे एक टेबल असेल. शिक्षकाचं दार मात्र उघडं असतं. त्या दारातून आत न जाता तू परत आलीस, तर ज्यासाठी एवढ्या लांब गेलीस ते न घेताच येशील.

तेव्हा पहिलं काम हे. परीक्षा संपली असली तरी सर विद्यापीठात असतील, नसतील तर मेल कर. दोन ओळी पुरेत: ‘तुम्ही भेटायला सांगितलं होतं, मला तेव्हा जमलं नाही, आता कधी येऊ?’ उशीर का झाला याची लांबलचक सफाई देऊ नकोस. जाताना तो निबंध घेऊन जा आणि एकच प्रश्न तयार ठेव: यातलं कुठलं म्हणणं मी नीट मांडू शकले नाही? हिंदीत बोल. आपल्या भागात लहानपणापासून हिंदी कानावर असते, सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशच. हिंदीत तू अडणार नाहीस. शंभरातल्या नव्वद शिक्षकांना विद्यार्थी कुठल्या भाषेत विचारतोय यापेक्षा काय विचारतोय याचं अप्रूप असतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे वळते. ‘मी इथली नाहीच’ या एका वाक्यात तू तीन वेगवेगळी दुखणी बांधली आहेस. वर्गात बोलता येत नाही हे एक. लहान जागेत सगळ्यांच्या नजरेत राहावं लागतं हे दुसरं. आणि या शिक्षणाचं पुढे काय, हे तिसरं. ते तुझ्यापेक्षा आप्पांचं आणि काकांचं जास्त आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. जळगावला आल्यानं त्यातलं दुसरं कदाचित कमी होईल. पहिलं तसंच राहील, फक्त झाकलं जाईल, कारण दीडशेच्या वर्गात तुला कुणी बोलायला लावणारच नाही.

वर्गातल्या बोलण्याचं थोडं विस्तारानं सांगते, कारण याच जागी आपल्या गावाकडून गेलेली पुष्कळ मुलं मोडून पडतात. आपली शाळा आपल्याला ऐकायला शिकवते. सर फळ्यावर लिहितात, आपण उतरवतो, परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नसंच आणतो आणि पास होतो. तुझ्या विद्यापीठात उलटं आहे. आधी घरी वाचायचं, मग वर्गात त्यावर बोलायचं, मग लिहायचं; आणि गुण वर्षभर निबंध, सादरीकरण, छोट्या परीक्षा यांतून थोडे थोडे जमा होतात. जी मुलं धडाधड बोलतात त्यांना हा खेळ आठवी-नववीपासून माहीत असतो. त्यांच्या बोलण्यात अर्धा भाग सराव असतो. एकदा शांतपणे ऐक: किती जण नेमून दिलेला मजकूर खरोखर वाचून बोलतायत आणि किती जण आधीच्या मुलाचंच म्हणणं जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतायत. तू वाचून जातेस हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं, म्हणजे अर्ध्या वर्गाच्या पुढे तू आधीच आहेस.

तिसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून एक कर. प्रत्येक तासाच्या आदल्या रात्री त्या मजकुरातलं न पटलेलं किंवा न कळलेलं एक वाक्य वहीत लिही, त्याच्या पुढे पान नंबर लिही. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांतच हात वर कर आणि ते वाच: ‘अमुक पानावर असं म्हटलंय, ते मला कळलं नाही.’ एवढंच. मत मांडायची गरज नाही. उशीर केलास तर चर्चा कुठल्या कुठे जाते, भीती वाढत जाते आणि तास संपतो. पहिल्या दहा मिनिटांत बोललेला माणूस उरलेला तास मोकळ्या मनानं ऐकतो. इंग्रजी वाक्य अडखळलं तर हिंदीत पुरं कर. आणि इंग्रजीसाठी स्पोकनच्या क्लासमध्ये पैसे घालू नकोस. तुला लागणारं इंग्रजी तुझ्या विषयाचं आहे. ते रोज एक पान मोठ्यानं वाचून आणि त्याचा गोषवारा पाच ओळींत लिहून येईल. बहुतेक विद्यापीठांत लेखनाला किंवा भाषेला मदत करणारं केंद्र असतं. तुझ्याकडे आहे का विचार, असेल तर तिथे नाव घाल.

दुसरं, लहान कॅम्पसचं. तू लिहितेस, सगळे सगळ्यांना ओळखतात, जीव गुदमरतो. पण बेटा, तू गावातली आहेस. कोण कुणाचं, कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, अशा जागेत तू अठरा वर्षं वावरलीस. शहरातून आलेल्या तुझ्या वर्गमित्रांना ते येत नाही, तुला येतं. तुझा त्रास ओळखलं जाण्याचा नाही, एकाच खुणेनं ओळखलं जाण्याचा आहे. गावात तू कुणाची तरी लेक होतीस, चांगली रांगोळी काढणारी होतीस, बारावीला पहिली आलेली होतीस. तिथे तुझ्या नावावर एकच गोष्ट आहे. लहान जागेत ती बदलायला फार काही लागत नाही, एखाद्या कामात हात घातला तरी पुरतं. वादविवाद मंडळात जाऊ नकोस, तिथे पुन्हा बोलण्याचीच शर्यत. मेस कमिटीत जा. भाजीचा, डाळीचा, तेलाचा भाव काय असायला हवा हे शेतकऱ्याच्या मुलीला कळतं. महिन्याभरात सगळं होस्टेल तुला विचारायला लागेल. भित्तिपत्रक असेल तर त्यात हात घाल, लायब्ररीत विद्यार्थ्यांना तासावर काम मिळत असेल तर ते घे. हातानं करायच्या कामात माणसं आपोआप बोलती होतात.

यापुढची गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. तुझ्याकडे जे आहे ते त्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तू ते लपवून ठेवलंयस. तुझ्या विषयात इतिहास आहे, समाजशास्त्र आहे, साहित्य आहे. मग आपल्या खानदेशच्या देवीच्या, कानबाईच्या उत्सवावर निबंध का लिहिला नाहीस? आखाजीच्या झोक्यावरची गाणी तुझ्या मायला तोंडपाठ असतील. सेंधवा घाटाच्या राखणीवर असलेला खाज्या नाईक १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. हे तुझ्या सातपुड्यातलं आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, ते तुझ्या शेजारच्या यावल तालुक्यात. १८८० साली छापलेलं खानदेश जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर दिल्लीच्या मोठ्या लायब्ररीत मिळेल. त्यात चोपड्याबद्दल काय लिहिलंय ते वाच आणि मायला, आप्पांना फोनवर विचार, यातलं किती खरं वाटतं. जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीच्या काळातला सरकारी पत्रव्यवहार तिथे शोधता येईल. धुळ्याचा अभ्यासक भाडं खर्चून जिथे जातो, तिथे तू मेट्रोनं पोचतेस. पुढच्या सत्राचा एक तरी निबंध खानदेशावर लिही. आपल्या माहितीतल्या गोष्टीवर बोलताना माणसाची जीभ अडखळत नाही, आणि प्रश्न विचारायची पाळी मग दुसऱ्यांची असते.

आता लहान म्हणजे कमी, हा काकांच्या बोलण्यातला समज. तोही तपासून बघू. अमळनेर तुझ्या घरापासून किती लांब? तिथे १९१६ साली प्रताप शेठजींच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. गिरणीचं गाव, आजूबाजूला अहिराणी बोलणारी खेडी. तिथे सिंधमधून आलेले मलकानी, बंगालचे रासविहारी दास, दक्षिणेतले टी. आर. व्ही. मूर्ती तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत राहिले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते. साने गुरुजी आधी याच मंदिरात शिकायला आले, मग १९२४ ते १९३० तिथल्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मूठभर माणसं, एक ग्रंथालय, राहायला खोल्या. त्यातल्या कितीकांना बाजारात भाजी घेतानाची भाषा कळत नसेल! तरी ती माणसं टिकली, लिहिती राहिली. तू आज दिल्लीत जशी बाहेरची आहेस, तशी ती आपल्या अमळनेरात बाहेरची होती.

सरकारनं अशी लहान विद्यापीठं चालवावीत ही कल्पना बाहेरही आहे. अमेरिकेत अशा सरकारी संस्थांनी १९८७ मध्ये आपली एक संघटना उभी केली. श्रीमंतांची मुलं खासगी कॉलेजात भरमसाट फी देऊन ज्या पद्धतीनं शिकतात, म्हणजे लहान वर्ग, आधी अनेक विषयांची ओळख आणि मग एकात खोल शिरणं, तशा पद्धतीनं साध्या घरातल्या मुलांनाही शिकता यावं, हा त्यामागचा विचार. मिनेसोटा राज्यात मॉरिस नावाच्या लहान गावात असं एक विद्यापीठ आहे. त्या जागेवर पूर्वी मूळनिवासी मुलांची निवासी शाळा होती. १९०९ मध्ये जागा राज्याकडे गेली तेव्हा अट घातली गेली की मूळनिवासी मुलांकडून शिकवणी फी घ्यायची नाही. आधी तिथे शेतकी शाळा झाली, १९६० पासून कॉलेज सुरू आहे, आणि ती अट आजही पाळली जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतून शिकणाऱ्या आदिवासी मुलांचा विचार मनात आला की मला हे उदाहरण हटकून आठवतं. आपल्या देशात हेच शिक्षण खासगी विद्यापीठात घ्यायचं तर वर्षाला काही लाख रुपये मोजावे लागतात. तुला ते सरकारी फीत मिळतंय.

याचा अर्थ जळगावला येणं म्हणजे हरणं, असं कृपा करून समजू नकोस. आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं, त्याआधी इथल्या पोरांची पदवी पुण्याच्या नावाची असायची. आज त्याला आसोद्याच्या, स्वतः लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंचं नाव आहे. इथेही जीव ओतून शिकवणारे लोक आहेत. पण काकांनी तुझ्यापुढे ठेवलेला बेत बी.ए.चा नाही, क्लासचा आहे. बी.ए. नावापुरतं आणि दिवसभर क्लास. परत यायचंच झालं तर चांगल्या विभागासाठी, चांगल्या शिक्षकासाठी ये. आणि त्या कॉलेजात तुझ्या विषयाची किती पदं भरलेली आहेत, हे प्रवेशाआधी काकांना प्रत्यक्ष जाऊन विचारायला सांग.

एमपीएससीचं म्हणशील, तर कुठल्याही शाखेची पदवी चालते. दिल्लीची चालते, जळगावचीही चालते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, म्हणजे पर्यायावर खूण करायची नाही, सलग लिहायचं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नुसता निबंधाचा पेपरच २५० गुणांचा असतो आणि तिथे मराठीतून लिहिता येतं. दर महिन्याला निबंध लिहून घेणारं आणि त्यावर शेरा मारून परत देणारं विद्यापीठ ही त्या परीक्षेची उत्तम तयारी आहे, हे काकांना सांग. तुझं मन तिकडे नसेल तर बी.एड. आहे, सीईटी देऊन तीन वर्षांची वकिली आहे, समाजकार्याची एमएसडब्ल्यू आहे, एम.ए. करून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्यात तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट (प्रत्येक विषय पुरा केल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक) झाली की पदवी मिळते, १६० झाली की चार वर्षांची ऑनर्स. आणि चार वर्षं केली तर पुढचं एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. मात्र नोकरीची हमी या शिक्षणात नाही, आणि तशी हमी कुणी देत असेल तर तू विश्वास ठेवू नकोस. सुट्ट्यांत कुठे काम शिकायला जायचं, कुणाकडून शिफारसपत्र घ्यायचं, हे तुलाच दुसऱ्या वर्षापासून बघावं लागेल. ते शिफारसपत्र देणारा माणूस पुन्हा तोच, ज्याला तू भेटली नाहीस.

आप्पांसाठी एक उत्तर तयार करून दे. पारावर कुणी विचारलं तर त्यांनी सांगावं: ‘दिल्लीले सरकारी विद्यापीठमा शे. इतिहास नि समाजशास्त्र शिकी ऱ्हायनी.’ विषयाचं नाव घेतलं की लोक पुढे फार विचारत नाहीत. आप्पांना उत्तर देता येत नाही याचं कारण तू त्यांना कधी नीट सांगितलंच नसशील. या सुट्टीत त्यांना तुझा एक निबंध मराठीत वाचून दाखव.

हा मजकूर वाचणाऱ्या आई-वडिलांनाही सांगते. मुलगी बाहेर शिकायला गेली की आपण फोनवर तीनच गोष्टी विचारतो: जेवलीस का, पैसे आहेत का, कधी येतेस. या आठवड्यात काय वाचलंस, हेही विचारा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, सांगताना तिला स्वतःला कळतं. आणि पहिल्या वर्षी मुलगी रडून ‘परत येते’ म्हणाली तर लगेच गाडीत बसून आणायला निघू नका, आणि ‘तुलाच जायचं होतं’ असंही म्हणू नका.

माझं मत विचारशील तर तिसरं सत्र पूर्ण कर. डिसेंबरात बघ. तोवर सरांना भेटलेली असशील, वर्गात हात वर केलेला असेल, खानदेशावर एक निबंध लिहिलेला असेल. एवढं करूनही सकाळी उठताना छातीवर ओझं असेल तर ये, आणि मान वर करून ये. पण एक फरक नीट ओळख. वर्गात अवघडल्यासारखं वाटणं वेगळं. झोप उडणं, जेवण न जाणं, सारखं रडू येणं, जगावंसं न वाटणं वेगळं. दुसऱ्यातलं काही होत असेल तर डिसेंबरची वाट बघायची नाही. विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन कर, तिथे मराठीतूनही बोलता येतं. आणि आप्पांना खरं सांग.

परत यायचं ठरलंच, तर टीसी सगळ्यात शेवटी काढायची. पुष्कळ मुलं रागाच्या भरात आधी टीसी काढतात आणि मग दोन्हीकडून अधांतरी राहतात. आधी ज्या कॉलेजात यायचंय त्यांना तुझे दोन सत्रांचे विषय आणि क्रेडिट दाखव, थेट दुसऱ्या वर्षाला घेतील का ते लेखी घे, विद्यापीठाच्या पात्रता विभागाला काय कागद लागतात ते विचार. मायग्रेशन सर्टिफिकेटला वेळ लागतो. तुझं एबीसी खातं, म्हणजे क्रेडिट साठवणारं सरकारी ऑनलाइन खातं, डिजिलॉकरवर उघडलेलं आहे का आणि दोन्ही सत्रांची क्रेडिट त्यात चढली आहेत का, हे आजच बघ. ती क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आणखी एक वाट आहे, ती फार जणांना माहीत नसते. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा त्याच अभ्यासक्रमाला परतता येतं. तुझ्या विद्यापीठाचे नियम कसे आहेत ते परीक्षा विभागात विचार. दार कायमचं बंद होत नाही हे कळलं तरी छातीवरचा भार थोडा उतरेल.

पैशाचंही बघून ठेव. पत्रात तू त्याबद्दल फारसं लिहिलं नाहीस, पण कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात तो प्रश्न असतोच. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्याचा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. तू केला असशील तर नूतनीकरण चुकवू नकोस. यंदा बारावी झालेल्या तुझ्या गावातल्या मुलींना मात्र आत्ताच सांग. जातीच्या प्रवर्गानुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत असेल तर राज्याबाहेर शिकणाऱ्यांनी अर्ज कसा करायचा, हे आप्पांनी जळगावच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावं.

यंदा सीयूईटी देऊन अशा लहान विद्यापीठात जायचा विचार करणाऱ्यांनी प्रवेशाआधी हे विचारावं: होस्टेल नक्की मिळणार की प्रतीक्षा यादी आहे? आपल्या विषयाचे कायम शिक्षक किती? मुख्य विषय कधी ठरवायचा आणि नंतर बदलता येतो का? बाहेरच्या राज्यातल्यांना जागा किती? काही राज्यांची विद्यापीठं बहुतेक जागा आपल्याच मुलांसाठी राखतात, हे फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. आणि शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलून घ्यावं, माहितीपुस्तिकेपेक्षा त्यात जास्त कळतं.

बेटा, होस्टेलचा पुढच्या वर्षाचा अर्ज मात्र मुदत संपायच्या आत भर. डिसेंबरात तुझा निर्णय काहीही होवो, खोली सोडणं एका अर्जाचं काम आहे. सुटलेली खोली वर्षाच्या मध्यात परत मिळत नाही. आणि सर काय म्हणाले ते मला कळव.